हेम्प, टीएचसीची मर्यादा आणि नागपूरकडचं वावर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

काटोल, सावनेर, उमरेड, कुही, मौदा अशा सगळीकडून हेम्पच्या शेतीबद्दल फोन येतात. विचारणारे बहुतेक तरुण असतात. सोयाबीनने दगा दिलेला असतो, पऱ्हाटीवर बोंडअळी असते आणि मोबाईलवर कुणीतरी एकरी लाखोंचा हिशेब मांडलेला असतो. सारखे येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. घाईत असाल तर निदान प्रश्न ३ आणि ६ वाचल्याशिवाय कुणालाही पैसे देऊ नका.

१. हेम्प म्हणजे नेमकं काय? ते गांजाचंच झाड ना?

हो, वनस्पती एकच आहे: कॅनाबिस सटायव्हा. तिच्यात टीएचसी हे नशा आणणारं द्रव्य असतं. ते मादी झाडाच्या फुलोऱ्यात आणि त्यावरच्या चिकट डिंकात सर्वाधिक, पानांत कमी आणि दांड्यात नगण्य असतं. बीच्या आत ते जवळजवळ नसतंच, जे सापडतं ते बाहेरून चिकटलेलं. ज्या जातींमध्ये टीएचसी अगदी कमी आहे आणि ज्या धाग्यासाठी किंवा बीसाठी लावतात, त्यांना जग हेम्प म्हणतं. शेजारी शेजारी उभं केलं तर हेम्प कुठलं आणि गांजा कुठला, हे डोळ्यांनी ओळखता येत नाही. पोलिसालाही नाही, शेतकऱ्यालाही नाही. पुढच्या निम्म्या अडचणी यातूनच निघतात.

२. ०.३ टक्क्यांची मर्यादा आली कुठून?

अर्नेस्ट स्मॉल आणि आर्थर क्रॉन्क्विस्ट या वनस्पतिशास्त्रज्ञांनी १९७६ मध्ये या वनस्पतीचं वर्गीकरण करताना वाळलेल्या फुलोऱ्यात आणि पानांत ०.३ टक्के टीएचसी ही रेघ आखली. ती वर्गीकरणाच्या सोयीची रेघ होती. पुढे कायद्यांनी तीच उचलली. अमेरिकेने २०१८ च्या शेती कायद्यात ती घेतली, युरोपीय संघाने २०२३ पासून ०.२ वरून ०.३ केली, स्वित्झर्लंडमध्ये मर्यादा १ टक्का आहे. भारतात उत्तराखंडने ०.३ धरली. ०.३ टक्के म्हणजे एक किलो वाळलेल्या मालात ३ ग्रॅम.

३. ताई, ०.३ च्या आतलं हेम्प महाराष्ट्रात लावलं तर चालतं ना?

नाही. आणि याचं कारण नीट समजून घ्या, कारण सगळी फसवणूक इथूनच सुरू होते.

आपल्याकडे १९८५ चा एनडीपीएस कायदा, म्हणजे अमली पदार्थांविरुद्धचा केंद्रीय कायदा, लागू आहे. त्यात ‘कॅनाबिसचं झाड’ म्हणजे या प्रजातीचं कुठलंही झाड. व्याख्येत टीएचसीचा आकडाच नाही. कलम ८ नुसार त्याची लागवड मना आहे आणि कलम २० खाली लागवडीला १० वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. गांजा सापडला तर एक किलोपर्यंत अल्प आणि २० किलोपेक्षा जास्त असेल तर व्यावसायिक, असं प्रमाण पाहून शिक्षा कमीजास्त होते. लागवडीच्या गुन्ह्यात तशा पायऱ्या नाहीत.

मग दार कुठे आहे? कलम १४ मध्ये. फक्त धागा किंवा बी मिळवण्याच्या औद्योगिक कामासाठी, किंवा बागकामासाठी, सरकार सर्वसाधारण किंवा विशेष आदेश काढून अटींसह लागवडीला परवानगी देऊ शकतं. कलम १० नुसार लागवडीचं नियमन करण्याचा अधिकार राज्य सरकारकडे आहे. म्हणजे ०.३ हा आकडा त्या परवानगीतली एक अट म्हणून जिवंत होतो. परवानगीच नसेल तर ०.३ काय नि ०.०३ काय, दोन्ही सारखेच बेकायदेशीर. महाराष्ट्राने सामान्य शेतकऱ्याला अशी परवानगी देणारं धोरण आजवर आणलेलं नाही.

प्रयोगशाळेचा कमी टीएचसीचा कागद दाखवून ‘आमचं झाड कायदेशीर आहे’ म्हणणाऱ्याला एवढंच विचारा: कुठल्या आदेशाखाली? आदेशाचा क्रमांक आणि तारीख सांगा.

४. मग उत्तराखंडात कसं चालतं?

त्या राज्याने कलम १४ चं दार उघडलं. धाग्यासाठी आणि बीसाठी, ०.३ टक्क्यांच्या अटीवर, २०१८ मध्ये पौडी गढवालमध्ये परवाना दिला गेला. देशात असं करणारं ते पहिलं राज्य. तिथे भांग डोंगरउतारावर आपोआप उगवते, तिच्या बीची चटणी घरोघरी होते आणि सालीचे दोर वळले जातात, त्यामुळे पीक लोकांच्या ओळखीचं आहे. पण तिथल्या मूळ रानटी वाणांत टीएचसी अनेकदा ०.३ च्या वर निघतं, त्यामुळे परवानाधारकालाही बी शोधावंच लागतं.

नागपूरच्या शेतकऱ्याने तिथे जाऊन शेती करावी का, असंही विचारतात. परवाना ठरावीक जमिनीसाठी असतो आणि बाहेरच्यांना शेतजमीन घेण्यावर तिथे बंधनं आहेत. मी तरी सुचवणार नाही.

५. नागपुरात परवानगी मागायची तर कुठल्या ऑफिसात जायचं?

धोरणच नसल्यामुळे भरायला अर्जाचा नमुना नाही. तरी लेखी विचारणा जरूर करा. जिल्हाधिकारी कार्यालयात राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या अधीक्षकांच्या नावे आणि एक प्रत जिल्हा अधीक्षक कृषी अधिकाऱ्यांना. पोच घ्या. उत्तर नकाराचं आलं तरी ते जपून ठेवा, कारण लेखी मागणी वाढल्याशिवाय धोरण हलत नाही. तोंडी ‘करा, काही होत नाही’ म्हणणाऱ्याचं ऐकू नका, मग तो कितीही मोठ्या खुर्चीवर असो.

संशोधनासाठी विद्यापीठांनाही सरकारी मंजुरी लागतेच. जम्मूच्या सीएसआयआर-आयआयआयएम या केंद्रीय संस्थेत कॅनाबिसवर अधिकृत काम चालतं, ते अशाच मंजुरीने.

६. कंपनीवाला म्हणतो, परवाना आमच्याकडे आहे, तुम्ही फक्त वावर द्या, माल आम्ही उचलतो. भरवसा ठेवावा का?

दरवर्षी दिवाळीच्या आसपास हा प्रश्न वाढतो. नाव हेम्पचं असो की आणखी कशाचं, पद्धत तीच: नोंदणीचे पैसे आधी, बियाणं त्यांच्याकडूनच घ्यायचं, खरेदीचा करार शंभराच्या स्टँपवर. आमच्या नात्यातल्या एकाने असेच ४० हजार भरले. बी आलंच नाही, म्हणून तो निदान कोर्टकचेरीतून वाचला. आलं असतं तर त्याने पेरलंही असतं, या विचाराने मला आजही धडकी भरते.

कागद मागायचेच असतील तर तीन मागा. पहिला, महाराष्ट्र सरकारने दिलेला परवाना, ज्यात तुमच्या गावाचं नाव आणि तुमचा गट क्रमांक लिहिलेला आहे. दुसऱ्या राज्याचा परवाना आपल्या सातबाऱ्यावर लागू होत नाही. कंपनीची जीएसटी नोंदणी, अन्नसुरक्षा परवाना किंवा आयुर्वेदिक औषधांचा परवाना हे सगळं खरं असू शकतं, पण त्यातलं काहीही लागवडीची परवानगी नव्हे. दुसरा, बियाण्याच्या लॉटचा टीएचसी अहवाल. तिसरा, पीक मर्यादेबाहेर गेलं तर नुकसान कुणाचं, हे लिहिलेला करार.

पहिला कागद आज कुणाकडेच असू शकत नाही, म्हणून पुढचे दोन मागायची वेळही येणार नाही. लक्षात ठेवा, धाड पडली तर सातबारा तुमच्या नावाचा असतो. एनडीपीएसमध्ये आरोपीचा हेतू होता असं कायदा आधीच धरून चालतो (कलम ३५) आणि तो नव्हता, हे सिद्ध करण्याचं ओझं आरोपीवर येतं. मंजुरी नसलेल्या एचटीबीटी (तणनाशक सोसणाऱ्या) कापसात ‘सगळेच लावतात’ म्हणून लोकांचं निभावलं. इथे तसं निभावत नाही.

७. हेम्पचं बी तर दुकानात, ऑनलाइन राजरोस मिळतं. बी कायदेशीर आणि झाड बेकायदेशीर, हे कसं?

कायद्यात गांजा म्हणजे फुलोऱ्याचे किंवा फळधारणेचे शेंडे. शेंडे सोबत नसतील तर बी आणि पानं त्या व्याख्येत येत नाहीत. शिवाय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२१ मध्ये हेम्पचं बी, तेल आणि पीठ यांना अन्न म्हणून मान्यता दिली. बीमध्ये एकूण टीएचसी किलोला ५ मिलिग्रॅमपेक्षा आणि तेलात १० मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको, अशी अट आहे. प्रश्न २ मधल्या ०.३ टक्क्यांशी ताडून पाहा: ते किलोला ३,००० मिलिग्रॅम होतात. बीची मर्यादा त्याच्या सहाशेपट कडक आहे. शेतातला आकडा आणि ताटातला आकडा लोक नेहमी एकमेकांत मिसळतात.

म्हणजे बी खा, लाडवात घाला, विका (परवाना घेऊन). पण पेरलंत की ती लागवड झाली.

८. कुंडीत एकच झाड, शोभेला. तेही नाही?

तेही नाही. कायदा झाडं मोजत नाही (प्रश्न ३). कलम १४ मध्ये बागकामाचा उल्लेख आहे खरा, पण तोही सरकारी आदेशानेच.

९. आमच्या धुऱ्यावर आपोआप उगवलंय जी. आम्ही लावलंच नाही. काय करावं?

पक्ष्यांच्या विष्ठेतून, पुराच्या पाण्यातून, कुणी फेकलेल्या बीमधून असं होतं. गुपचूप उपटून जाळून टाकावं असं वाटतं, पण तसं करू नका. बेकायदेशीर लागवड दिसली तर जमीनधारकाने ताबडतोब पोलिसांना किंवा संबंधित अधिकाऱ्यांना कळवावं, असं कलम ४६ सांगतं. कलम ४७ तीच जबाबदारी सरपंच, पंच आणि गावातल्या अधिकाऱ्यांवर टाकतं. पोलीस पाटलाला बोलवा, फोटो काढा, लेखी कळवा, पोच घ्या आणि पंचनामा करूनच झाडं काढू द्या. आपण होऊन कळवलेला कागद पुढे तुमच्या बाजूने बोलतो.

त्याआधी ते झाड खरंच तेच आहे का, हेही पाहा. अंबाडीने भल्याभल्यांना फसवलं आहे (प्रश्न १४).

१०. होळीला, महाशिवरात्रीला भांग चालते, मग शेती का नाही?

भांग पानांची असते आणि शेंडे नसलेली पानं गांजाच्या व्याख्येत येत नाहीत. तिची विक्री राज्याच्या दारूबंदी कायद्याखालच्या नियमांनी चालते. लागवडीचा मुद्दा वेगळा आहे आणि तो प्रश्न ३ मध्येच संपतो.

याला जोडून एक जुनी गोष्ट. इंग्रजांच्या काळात नागपूर ही मध्य प्रांताची राजधानी होती आणि याच प्रांतातल्या खांडव्याकडे सरकारी देखरेखीखाली गांजाची शेती होत असे. १८९३-९४ च्या हेम्प ड्रग्ज कमिशनने तिची नोंद घेतली आहे. म्हणजे परवान्याखालची शेती आपल्या भागाला अगदीच परकी नाही. माझ्या मते धाग्याच्या पिकासाठी तरी महाराष्ट्राने निदान कृषी विद्यापीठांच्या प्रक्षेत्रांवर चाचण्या सुरू करायला हव्यात. ही मागणी मी जाहीरपणे करते. पण मागणी म्हणजे परवानगी नव्हे.

११. टीएचसी मोजतात कसं? रिपोर्टवर दोन आकडे असतात, त्यातला खरा कुठला?

ताज्या झाडात टीएचसी बहुतांश आम्लरूपात असतं, त्याला टीएचसीए म्हणतात. उष्णता लागली की त्यातून कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि टीएचसी उरतं. वजन तेवढं घटतं, म्हणून टीएचसीएला ०.८७७ ने गुणून त्यात टीएचसी मिळवतात. ते झालं एकूण टीएचसी.

समजा रिपोर्टवर टीएचसी ०.०३ आणि टीएचसीए ०.३२ आहे. विकणारा ०.०३ वर बोट ठेवून दाखवतो. हिशेब करा: ०.३२ गुणिले ०.८७७ म्हणजे ०.२८, अधिक ०.०३, एकूण ०.३१. मर्यादा ओलांडली. हे सगळं कोरड्या वजनावर मोजतात आणि नमुना फुलोऱ्याच्या शेंड्याचा घेतात. खोडाचा किंवा खालच्या पानांचा नमुना दिला तर आकडा कमी येणारच.

१२. बी प्रमाणित होतं, तरी टीएचसी वर गेलं असं ऐकलं. असं का होतं?

मुख्य कारण वाण, दुसरं कापणीची वेळ. फुलोरा जसजसा पिकतो तसं टीएचसी चढतं. सीबीडी (याच झाडातलं, पण नशा न आणणारं द्रव्य) आणि टीएचसी एकाच पूर्वद्रव्यापासून तयार होतात, आणि सीबीडीच्या जातींमध्येही साधारण २० ते ३० भागांमागे एक भाग टीएचसी निघतंच. त्यामुळे फुलात सात-आठ टक्के सीबीडी हवं म्हणून थांबलात की टीएचसी ०.३ ला येऊन टेकतं. धाग्याचं पीक फुलोरा सुरू होताच कापतात, म्हणून ते या बाबतीत सुरक्षित.

तिसरं कारण घरचं बी. नर झाडाचे परागकण वाऱ्यावर काही किलोमीटर जातात. आसपास रानटी भांग असेल तर यंदाच्या फुलाचं काही बिघडत नाही, पण त्या बीतून उगवणारी पुढची पिढी भरवशाची राहत नाही. तुरीचं, हरभऱ्याचं बी घरी ठेवतो तसं इथे ठेवता येत नाही.

१३. उद्या परवानगी मिळालीच, तर नागपूरच्या हवामानात आणि काळ्या जमिनीत हे पीक येईल का?

येईल, पण व्हिडिओत दिसतं तसं नाही.

हेम्प दिवसाची लांबी पाहून फुलतं. दिवस लहान व्हायला लागले की वाढ थांबवून फुलोरा धरतं. उत्तर फ्रान्समध्ये जूनचा सर्वांत मोठा दिवस १६ तासांचा, पौडीत साधारण १४ तासांचा, नागपुरात सुमारे १३ तास २५ मिनिटांचा. युरोपात तीन-चार मीटर वाढणारी जात इथे जूनअखेरीस पेरली तर तिला वाटतं हंगाम संपत आला, आणि ती गुडघ्या-मांडीएवढी असतानाच फुलते. धागा मिळत नाही, बीही थोडंच. म्हणजे आपल्याला कटिबंधीय, उशिरा फुलणाऱ्या जाती लागतील, आणि अशा जातींत टीएचसी ०.३ च्या आत ठेवणं हेच पैदासकारांचं खरं काम आहे. आयात बियाण्याची आकर्षक पाकिटं दाखवणारे हा मुद्दा कधीच काढत नाहीत.

जमिनीचं म्हणाल तर हेम्पला खोल, भुसभुशीत, निचऱ्याची जमीन आणि ६ ते ७.५ सामू मानवतो. आपली भारी काळी जमीन खोल आहे, ओल धरते, पण सामू बहुधा त्याच्या वर असतो आणि जुलैच्या झडीत पाणी साचतं. कोवळ्या रोपांच्या मुळाशी दोन दिवस पाणी राहिलं की ती पिवळी पडतात. सोयाबीनला वापरतो ती रुंद वरंबा-सरीची बीबीएफ पद्धत इथेही लागेल. धाग्यासाठी हेक्टरी ५०-६० किलो बी दाट पेरतात, म्हणजे खोड सरळ, बारीक आणि बिनफांदीचं वाढतं आणि तणही दबतं. बीसाठी याच्या निम्म्याने पुरतं.

१४. ताग, अंबाडी यांनाही इंग्रजीत हेम्पच म्हणतात ना? मग तेही बंद?

अजिबात नाही. हा गोंधळ नावाचा आहे. इंग्रजांना दोर वळता येईल असा कुठलाही धागा दिसला की त्याला ते हेम्प म्हणत. म्हणून आपला ताग, म्हणजे बोरू, झाला ‘सन हेम्प’, अंबाडी झाली ‘डेक्कन हेम्प’ आणि धुऱ्यावरचं घायपात ‘सिसल हेम्प’. यांपैकी एकाचाही कॅनाबिसशी संबंध नाही. ताग शेंगवर्गातला, अंबाडी भेंडीच्या कुळातली. दोन्ही बिनधास्त लावा.

अंबाडीचं शास्त्रीय नावच हिबिस्कस कॅनाबिनस आहे, कारण तिचं हाताच्या पंज्यासारखं कातरलेलं पान हुबेहूब गांजाच्या पानासारखं दिसतं. ओळख सोपी आहे: पान तोंडात टाका, अंबाडी आंबट लागते. फूल भेंडीसारखं मोठं, पिवळसर आणि आत गडद ठिपका. कॅनाबिसचं फूल हिरवं, बारीक, नजरेत न भरणारं, आणि वास उग्र.

कुहीकडे माझ्या आजोळी तुरीच्या कडेने अंबाडी असायचीच. कोवळ्या पानांची कण्या घालून भाजी व्हायची. पावसाळा सरला की दांडे मोळ्या बांधून नाल्याच्या डोहात दोन-तीन आठवडे दगडाखाली दाबून ठेवायचे. त्या कुजण्याचा वास अख्ख्या गावाला यायचा. मग आजोबा साल सोलून, धुऊन, वाळवून पुढच्या पोळ्यासाठी बैलांचे दोर वळत. हेम्पचा धागा काढायचा म्हणजे हेच सगळं करायचं आहे. ज्यांना खरोखर धाग्याचं पीक करायचं आहे, त्यांना मी आधी दहा गुंठे अंबाडी करून बघायला सांगते. कुजवण, सोलणी, मजुरी, गिऱ्हाईक, सगळ्याचा अंदाज एका हंगामात येतो आणि कुठला परवाना लागत नाही.

१५. डॉक्टरांनी ओमेगा-३ साठी हेम्पचं बी सांगितलं, फार महाग आहे. दुसरं काही?

जवस. हेम्पच्या तेलात ओमेगा-३ साधारण १५ ते २० टक्के असतं, जवसाच्या तेलात निम्म्याच्या आसपास. प्रथिनं हेम्पमध्ये चांगली आहेत, त्यासाठी घेत असाल तर ठीक. पण जवस विदर्भाचं स्वतःचं रब्बी पीक आहे. नागपूरच्या कृषी महाविद्यालयात त्यावर वर्षानुवर्षं काम झालंय आणि एनएल-९७, एनएल-२६० अशा जाती इथूनच निघाल्या. चटणी तर आपण खातोच.

१६. पीक विमा, ई-पीक पाहणी यांचं काय?

विमा अधिसूचित पिकांनाच मिळतो आणि हेम्प त्या यादीत नाही. ई-पीक पाहणीत दुसऱ्याच पिकाची नोंद करून आत हे लावायचा सल्ला कुणी देत असेल, तर तो तुम्हाला एका गुन्ह्यावर दुसरा करायला सांगतो आहे.

१७. धागा विकायचा तर कळमन्याच्या बाजारात गिऱ्हाईक आहे का?

नाही. हेम्पच्या खोडात धाग्याची साल पंचवीस ते तीस टक्के आणि बाकी आतलं लाकडी भुसकट असतं. ते वेगळं करायला खास यंत्र लागतं, कापसाच्या जिनिंगवर ते होत नाही. काडी हलकी आणि आकाराने मोठी, ट्रक भरतो पण वजन भरत नाही. त्यामुळे कारखाना जवळ नसेल तर भाड्यातच पैसे जातात. धोरणाची वाट पाहणाऱ्या शेतकरी उत्पादक कंपन्यांनी आधी हा हिशेब करावा.

१८. परवाना असलेल्या ठिकाणी नमुना ०.३४ आला, तर थोडी सूट मिळते का?

उत्तराखंडात मर्यादेबाहेरचं पीक नष्ट करायचं असतं. अमेरिकेत ०.३ ओलांडलं की माल विकता येत नाही, पण शेतकऱ्याने योग्य काळजी घेतली असेल तर १ टक्क्यापर्यंत तो निष्काळजीपणा धरत नाहीत. आपल्या कायद्यात अशी मधली पायरी लिहिलेली नाही. महाराष्ट्रात कधी धोरण आलं तर त्यात ही पायरी असावी, हे मी प्रत्येक बैठकीत मांडते, कारण एका उन्हाळी आठवड्याच्या उशिराने कुणी शेतकरी गुन्हेगार ठरू नये.

१९. उत्तराखंडातून हेम्पचं भुसकट आणून नागपुरात विटा बनवायच्या आहेत. शेती करायची नाही. चालेल?

साफ केलेलं भुसकट किंवा धागा म्हणजे गांजा नव्हे, आणि हेम्पचं कापड, कागद, विटा देशात उघडपणे विकल्या जातात. अडचण वाटेत येते. गठ्ठ्यात फुलोऱ्याचे शेंडे मिसळलेले सापडले तर तो माल गांजा ठरू शकतो, आणि शेंडे सोबत असले की पानं आणि बी यांचीही सुटका राहत नाही. म्हणून न सोललेली अख्खी काडी आणू नका, प्रक्रिया होऊन चाळलेलं भुसकटच घ्या. गाडीत पुरवठादाराच्या लागवड परवान्याची प्रत, त्या लॉटचा टीएचसी अहवाल, बिल आणि ई-वे बिल ठेवा, आणि पहिली गाडी निघण्याआधी उत्पादन शुल्क विभागाला लेखी कळवून पोच घ्या. माल उतरवताना दोन साक्षीदारांसमोर नमुना सीलबंद करून ठेवला तर आणखी बरं.